घरगुती अ‍ॅक्वापोनिक्स: १००० लिटरच्या टाकीत आपल्या भागात कोणता मासा टिकेल?

बोरकाठ
नमस्कार मंडळी. वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यात घरामागच्या अंगणात अ‍ॅक्वापोनिक्सचा संच मांडतो आहे, म्हणजे माशांच्या टाकीचं पाणी गिट्टीच्या वाफ्यातून फिरवायचं आणि माशांच्या विष्ठेवर भाजी वाढवायची. लोखंडी पिंजऱ्यातली १००० लिटरची टाकी, तिच्यात पाणी साधारण ८५० लिटर राहील. वर गिट्टीचे दोन वाफे, प्रत्येकी ४ फूट बाय ३ फूट, खोली १ फूट. ४० वॅटचा पंप, बेल सायफन (वाफा भरला की आपोआप रिकामा करणारी नळी). बोअरच्या पाण्याचा पीएच ८.१, टीडीएस (विरघळलेले क्षार) ७०० च्या घरात. वीज गावठाणाची आहे, पण वारा-वादळ आलं की रात्र रात्र येत नाही. लावायचं आहे पालक, मेथी, सांबार (कोथिंबीर), थोडी वांगी.

प्रश्न एकच, मासा कोणता? जिकडेतिकडे तिलापियाचं नाव दिसतं. बीजवाला म्हणतो पंगस टाका, लवकर वाढते. मे महिन्यात ४५-४६ आणि जानेवारीत रात्री ८-१० अंश, हे दोन्ही झेपणारा मासा पाहिजे. घरात मासे खाणारे दोघेच, आई माळकरी आहे.

खारपाणपट्टा
पंगस सोडा. तो तळ्यातला मासा आहे, ८५० लिटरमध्ये घाबरट होतो. सावली हलली तरी भिंतीवर नाक आपटून घेतो, मग त्या जखमेवर बुरशी धरते. २६ ते ३० अंशात चांगला वाढतो, २० च्या खाली खाणं टाकतो. आपल्याकडे नोव्हेंबरच्या शेवटापासून टाकीचं पाणी रात्री त्याच्या खाली असतं. म्हणजे वर्षातले अडीच महिने तो नुसता जीव धरून राहणार, आणि त्या काळात तुमच्या पालकाला नत्र कुठून मिळणार?

वऱ्हाडी_वाफा
तिलापियाले काहून मागं ठेवता राजेहो? उन्हाळ्यात पाणी ३५-३६ वर गेलं तरी तो खाते. बाकीचे मासे वर येऊन तोंडं उघडतात तेव्हा हा खाद्य मागत असते. बोअरचं जड पाणी त्याले चालते, थोडं खारं पाणी चालते. अडचण थंडीची हाय, तं तिच्यासाठी वर्षभर ठेवाच कशाले? जुलैत १०-१५ ग्रॅमची बोटुकली टाका, डिसेंबरच्या आत काढून खा. पाव किलोच्या आसपास भरते. पिकासारखं धरा, जनावरासारखं नाही.

तलावपाळ
@वऱ्हाडी_वाफा, पीक धरायचं तर बी कोणतं हे आधी सांगा. साधा तिलापिया दोन-तीन महिन्यांचा, ३०-४० ग्रॅमचा झाला की अंडी घालतो. मादी पिल्लं तोंडात सांभाळते, म्हणून जगण्याचं प्रमाण भरपूर. दिवाळीपर्यंत टाकीत शंभर-दीडशे किडकी पिल्लं आणि एकही ताटात घेण्याजोगा मासा नाही, असं होतं. गिफ्ट जातीचं फक्त नरांचं बीजच घ्यावं लागतं.

दुसरं म्हणजे तिलापिया पाळायला मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी लागते. जिल्ह्याच्या सहायक आयुक्त कार्यालयात आधी विचारून घ्या. तिसरं आमच्या भंडारा-गोंदियाच्या लोकांसाठी: टाकीचा उतू जाणारा पाइप नाल्याकडे असेल तर त्याला बारीक जाळी बांधा. पावसाळ्यात एक जोडी मामा (माजी मालगुजारी) तलावात पोचली की तिथल्या लहान देशी माशांचं काय होईल ते पाहायला आपल्याला तलाव उपसता येणार नाही.

माझं मत शिंगी किंवा कवई. दोन्ही वरची हवा घेतात, वीज गेली तरी तग धरतात. स्थानिक आहेत आणि बाजारात भावही आहे.

पीएच_सात
हवा घेणाऱ्या माशाचा मुद्दा अर्धाच बरोबर आहे. वीज गेली की शिंगी वर येऊन श्वास घेईल. पण गिट्टीवरचे जिवाणू काय करतील? अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना पाण्यातला प्राणवायूच लागतो, तो लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली गेला की त्यांचं काम मंदावतं. मुळांचंही तेच. अशा पाण्यात मासा जिवंत दिसतो म्हणून आपण निर्धास्त राहतो आणि इकडे अमोनिया चढत जातो. शिंगी टाका, मांगूर टाका, हवेचा पंप सुटत नाही.

आणि शिंगीच्या छातीच्या परांचा काटा विषारी असतो. टाकीत रोज हात घालायचा असेल, घरात लहान मुलं असतील, तर विचार करा. काटा लागला तर हात सोसेल एवढ्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचा, वेदना कमी होते, आणि सूज चढली तर दवाखाना गाठायचा.

झाडीचा_पोरगा
मरळ कोणी म्हणालं नाही अजून! भाव तर तिलाच आहे.

तलावपाळ
@झाडीचा_पोरगा, मरळ एकमेकींना खाते. दर पंधरवड्याला मापाप्रमाणे वेगळ्या कराव्या लागतात, खाद्यात ४० टक्क्यांच्या वर प्रथिनं लागतात, आणि झाकण घट्ट नसेल तर रात्री उडी मारून अंगणात. एका टाकीच्या संचात नको. 

पीएच_सात
जात ठरवण्याआधी किती मासे मावतात ते काढू, म्हणजे निम्मी चर्चा मिटेल.

बोरकाठ यांचे दोन वाफे मिळून २४ चौरस फूट, म्हणजे सुमारे २.२ चौरस मीटर. पालेभाजीला चौरस मीटरमागे रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य पुरतं, वांगी-टोमॅटोला ५० ते ८०. तुमचं बहुतेक पालेभाजी, म्हणजे रोज ११० ग्रॅमपर्यंत. पाव किलोच्या आसपासचा मासा दिवसाला वजनाच्या २ टक्के खातो असं धरलं तर साडेपाच किलो मासा झाला. मोठे २२-२५ मासे. एवढेच!

आता हे ११० ग्रॅम खाद्य ३२ टक्के प्रथिनाचं असेल तर त्यातून रोज सुमारे साडेतीन ग्रॅम अमोनिया-नत्र पाण्यात येतं. ८५० लिटरमध्ये ते ४ पीपीएम (लिटरला ४ मिलिग्रॅम). गिट्टी चालू आहे तोवर कळतही नाही. पंप एक दिवस बंद पडला आणि खाद्य चालू राहिलं तर? पीएच ८ आणि पाणी ३० अंश असताना एकूण अमोनियाचा साडेसात टक्के भाग विषारी रूपात असतो, म्हणजे ०.३ पीपीएम. माशाच्या कल्ल्यांना ०.०५ च्या वरच त्रास सुरू होतो. पीएच ७ असता तर विषारी भाग एक टक्काही नसता. म्हणून तुमच्या ८.१ च्या पाण्यात नियम एकच: वीज गेली की खाद्य बंद. मासा दोन दिवस उपाशी राहिला तर काही बिघडत नाही.

संत्रा_बाग
मग पीएच खाली आणायला आम्ल टाकायचं का?

पीएच_सात
मासे असलेल्या टाकीत थेट टाकू नका. बोअरच्या पाण्यात कार्बोनेट भरपूर असतात, त्यामुळे आम्ल टाकलं की पीएच पडतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर येतो. मासा त्या वर-खाली होण्यानेच जास्त खचतो. वरून भरायचं पाणी वेगळ्या ड्रममध्ये फॉस्फोरिक आम्लाने ७ वर आणा, एक दिवस ठेवा, मग भरा. पावसाळ्यात टिनावरचं पाणी साठवून निम्मं मिसळलं तर आम्लही कमी लागतं. संच मुरला की जिवाणू स्वतःच क्षारता खातात आणि काही महिन्यांत पीएच आपसूक उतरतो. ६.८ ते ७.२ ला आला की आम्ल थांबवा. त्याखाली जायला लागला तर चिमूट चिमूट चुना.

तोपर्यंत कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडलंय असं समजा. तुम्ही संत्र्याला जे ईडीडीएचए लोह देता तेच चालतं. ६ टक्क्यांचं असेल तर ८५० लिटरला २५-३० ग्रॅम. पाणी लालसर होतं, माशाला अपाय नाही. ईडीटीए घेऊ नका, या पीएचला ते टिकत नाही.

कोरपना_रोड
पाण्याचा पीएच उतरतच नसेल तर गिट्टी बघा. आमच्याकडे राजुरा, कोरपना, वणी या पट्ट्यात चुनखडी आहे, सिमेंट कारखाने उगीच नाहीत आले. तसली गिट्टी वाफ्यात भरली तर ती रोज विरघळत राहणार आणि पीएच ८ वरून हलणार नाही. मूठभर गिट्टी धुवून वाळवा, वरून थोडं संडास धुवायचं आम्ल टाका. फेस आला की ती गिट्टी रस्त्याला. काळ्या पाषाणाची २० एमएमची घ्या आणि भरण्याआधी पाणी स्वच्छ येईतो धुवा. खडी केंद्राचा राखाडी चुरा राहिला तर पहिल्याच आठवड्यात सायफन बसतो.

दहेगाव_ताई
बोरकाठ दादा, आई माळकरी आहेत असं लिहिलंय, त्याकडे कोणी पाहिलंच नाही. खायचाच मासा पाहिजे असं थोडंच आहे? झाडाला नत्र पाहिजे, ते कोई आणि गोल्डफिशही देतात. कोई म्हणजे सायप्रिनसचीच (कॉमन कार्पचीच) रंगीत भावंडं. थंडीत पाणी १५ वर आलं तरी जगतात, १८ ला खातात. आमच्या बाजूच्या घरांमध्ये हाच मार्ग निघाला आहे, कारण मारायचा प्रश्न नाही आणि सासूबाई स्वतः खाद्य टाकतात. दोन-चार इंची कोई नागपुरात रंगीत माशांच्या दुकानांत बारमाही मिळतात, बीजाच्या हंगामाची वाट पाहावी लागत नाही.

गोल्डफिश घ्यायचेच तर लांबट अंगाचे, एका शेपटीचे घ्या. गोल पोटाचे, दुहेरी शेपटीचे उन्हाळा आणि वीज जाणं दोन्ही सोसत नाहीत.

वऱ्हाडी_वाफा
ताई, कोईचं पटलं. पण मे महिन्यात काय करसान? ३२ च्या वर कोई सुस्त पडते. माझा तिलापिया तेव्हाच खाते.

दहेगाव_ताई
३२ च्या वर जाऊच द्यायचं नाही. खाद्य सकाळी सहाला एकदाच, नेहमीच्या एक तृतीयांश. दुपारी अजिबात नाही, कारण पोटात अन्न असलेल्या माशाला प्राणवायू जास्त लागतो आणि नेमका तेव्हाच पाण्यात तो कमी असतो. २० अंशाला पाणी लिटरमागे ९ मिलिग्रॅम प्राणवायू धरू शकतं, ३५ अंशाला जेमतेम ७.

कूलरवाला
पाणी थंड ठेवायचं असेल तर आपलं कोरडं ऊन कामाला लावा. हवा ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असताना ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर २४ च्या आसपास दाखवतो. कूलर याच जोरावर चालतो. वाफ्यातून टाकीत परत येणारा पाइप उभ्या कूलरच्या ताटीवरून सोडा, ताटी सावलीत आणि वारा लागेल अशी. पाणी २८-३० ला राहील. दिवसाला दोन-तीन बादल्या पाणी उडतं, तेवढं भरावं लागेल. हा खर्च धरूनच चला.

टाकी दोन फूट जमिनीत उतरवली तर उन्हाळा-हिवाळा दोन्हीकडे फायदा. वर ७५ टक्क्यांची हिरवी जाळी. पांढऱ्या टाकीतून उजेड आत जातो आणि शेवाळ धरतं, म्हणून बाहेरून आधी काळा रंग आणि त्यावर पांढरा. आणि टाकी जुनी घेतली असेल तर आत आधी काय होतं ते विचारा. खाद्यतेल, सरबताची चालेल. औषधाची, रसायनाची कितीही धुतली तरी नको.

खारपाणपट्टा
कूलरची युक्ती चांगली, पण माझ्या भागातल्यांनी जपून. पाणी उडतं, क्षार उडत नाहीत. अकोला-दर्यापूरकडचं बोअर आधीच खारं, त्यात मे महिनाभर रोज तेच भरत गेलात तर जूनपर्यंत टीडीएस दुप्पट. मासा सोसेल, मेथी-सांबार सोसणार नाहीत. आमच्याकडे पालक, चवळाई, टोमॅटो हेच टिकतात आणि वरचं पाणी साठवलेल्या पावसाचं पाहिजे.

पीएच_सात
गिट्टीचा वाफा उन्हाळ्यात तापतो आणि त्यातून जाणारं पाणी टाकी तापवतं, हेही लक्षात ठेवा. मे महिन्यात पंप रात्रभर चालवा, दुपारी बारा ते पाच तासाला दहा मिनिटंच. जिवाणू ओल्या गिट्टीत तेवढ्यावर जगतात. वाफ्यावर तुरीच्या काड्या किंवा सोयाबीनचं कुटार अंथरा. जानेवारीत उलटं करा, दिवसा चालवा आणि रात्री कमी. टायमर तीन-चारशे रुपयांत मिळतो. हवेचा पंप मात्र दोन्ही ऋतूंत अखंड.

संत्रा_बाग
वीज गेल्यावर अखंड कसा ठेवायचा?

कूलरवाला
१२ व्होल्टचा हवेचा पंप, १८ वॅटचा. ३५ एएचची बॅटरी निम्मीच वापरायची असं ठरवलं तरी ११ तास चालतो. रात्र निघते. चार्जर कायम लावून ठेवा. इन्व्हर्टरवर घरातले पंखेही असतील तर त्याच्या भरवशावर राहू नका.

शेणखत_समर्थक
सुरुवातीला जिवाणू वाढवायला टाकीत शेणाचा काला सोडला तर? देशी गाईचं ताजं शेण, दहा लिटरला मूठभर.

दहेगाव_ताई
नको दादा. शेणात पोटाचे आजार देणारे जंतू असतात, आणि सांबार-पालक आपण कच्चा खातो. शेतात ऊन-माती त्यांना मारते, इथे ते पाणी दिवसभर फिरत राहतं. त्यापेक्षा मासे न टाकता रोज चमचाभर माशाचं खाद्य टाका, कुजून अमोनिया होतो. २-३ पीपीएमवर ठेवा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही २४ तासांत शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागलं की संच तयार. याला चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या कोणाचा चालू संच असेल तर त्याच्या वाफ्यातली घमेलाभर ओली गिट्टी आणा, निम्मा वेळ वाचतो.

शेणखत_समर्थक
ठीक आहे, कच्च्या भाजीचा मुद्दा मान्य.

कापूसपट्टा
जात कोणतीही घ्या, एक गोष्ट सांगतो. आपल्याकडे ऑगस्ट ते ऑक्टोबर कपाशी-तुरीवर फवारण्या असतात. सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड औषधं माशाला अगदी थोड्या प्रमाणात जीवघेणी असतात. शेजारच्या वावरात फवारणी असेल त्या दिवशी टाकी प्लास्टिकने झाका, हवेच्या पंपाचं तोंड घराच्या आतल्या बाजूला घ्या. फवाऱ्याची बादली, तो मग्गा, ते हात, काहीही टाकीजवळ येऊ देऊ नका. वाफ्यातल्या भाजीवर निंबोळी अर्कही नाही, त्याचे थेंब शेवटी पाण्यातच जातात. पिवळे चिकट सापळे लावा, अळीला बीटी (जिवाणूजन्य औषध) चालतं, मावा दिसला की पाण्याच्या फवाऱ्याने झाडा.

झाडीचा_पोरगा
रोहू-कटला का नाही? बीज तर सगळीकडे तेच मिळते.

तलावपाळ
कटला वरच्या थरातला, मोकळ्या पाण्याचा मासा. टाकीत दचकून उड्या मारतो आणि प्राणवायू कमी झाला की सगळ्यांत आधी तोच जातो. रोहू जगतो, पण खुरटतो. बोटभराचा वर्षानेही वीतभरच. सायप्रिनस मात्र त्याच बीजवाल्याकडे मिळतो आणि टाकीत बरा राहतो. त्यातल्या त्यात अमूर कार्प मिळाला तर घ्या. तळ उकरण्याची खोड असते, त्यामुळे गाळ वर येऊन पंपाच्या जाळीत जातो. पंप विटेवर ठेवा, जाळी आठवड्याला धुवा, वाफ्यात मूठभर गांडुळं सोडा. गवत्या (ग्रास कार्प) नको, त्याला मुळं दिसली की संपलं.

आणि थाई मांगूर कोणी स्वस्तात देऊ केला तर हात लावू नका, आपल्या देशात त्याच्या पालनावर बंदी आहे. बीजवाले 'मांगूर' एवढंच सांगतात, म्हणून देशी आहे का ते तपासून घ्या.

बोरकाठ
सगळ्यांचे आभार. आता असं डोक्यात आहे: टाकी दोन फूट जमिनीत, काळ्या पाषाणाची गिट्टी, आम्लाची चाचणी करून. जूनमध्ये खाद्य कुजवून संच मुरवतो. मासा सायप्रिनस किंवा कोई. आईला विचारलं, ती म्हणाली रंगीत असतील तर खाद्य मी टाकीन. तेव्हा कोई. जुलैअखेर ५० पिल्लं आणावी म्हणतो, काही मरतील हे धरून.

पीएच_सात
५० नको. हिशेब मोठ्या २२-२५ माशांचा आहे, आणि संच मुरवून टाकले तर निम्मे मरत नाहीत. कोई विकायच्या नसतील तर त्या दरवर्षी वाढतच जाणार, आणि तेव्हा कमी करायला आईंचं मन धजणार नाही. १५ आणा. सुरुवातीला पालक फिका वाटेल, पण मासे वाढतील तसं खाद्य वाढवा. भाजी फिकी राहिली तर आणखी चार आणता येतात. पाठवायला जागा नसताना जास्त झालेले मासे फार अवघड.

दहेगाव_ताई
आणल्यावर पिशवी टाकीच्या पाण्यावर १५-२० मिनिटं तरंगत ठेवा. तासा-दोन तासांच्या प्रवासाची असेल तर थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत घालत जा. रात्रभराच्या प्रवासाची असेल तर पिशवी उघडल्यावर वेळ घालवू नका. आतला कार्बन डायऑक्साइड निघून गेला की पीएच चढतो आणि साठलेला अमोनिया विषारी होतो. जाळीवर ओता, पाणी फेकून द्या, मासे टाकीत.

मुख्य टाकीत सोडण्याआधी वेगळ्या टबात लिटरला ३ ग्रॅम मीठ, बारीक खडे, आयोडीनविना. दोन-तीन दिवस त्यातच ठेवून अंगावर पांढरे ठिपके, लाल डाग बघा. टबात हवेचा दगड पाहिजे आणि निम्मं पाणी रोज बदलायचं. मीठ किंवा लाल औषध (पोटॅशियम परमँगनेट) मुख्य टाकीत नाही. मिठाने मेथी-सांबार जातात, लाल औषधाने जिवाणू.

वऱ्हाडी_वाफा
कोई तं कोई. पण सप्टेंबरात वाफा रिकामा राहून गेला तं एक वेगळा २०० लिटरचा ड्रम जोडून त्यात तिलापिया पाहा, परवानगी काढून. डिसेंबरात काढसान तेव्हा भाजीसोबत ताटातही येईल.

बोरकाठ
@वऱ्हाडी_वाफा, ड्रम पुढच्या वर्षी. मच्छरांचं काय करू? वाफ्याखाली गाळ बसवायचा लहान ड्रम आहे, त्यात पाणी साचून राहतं.

कोरपना_रोड
प्राथमिक आरोग्य केंद्रात गप्पी मासे मागा, डासांच्या अळ्यांसाठी ठेवलेले असतात. त्या ड्रममध्ये आठ-दहा सोडा. कोईच्या टाकीत नको, गिळून टाकतील. ड्रमच्या बाहेर जाणाऱ्या पाइपाला मच्छरदाणीचा तुकडा बांधा आणि तो दर रविवारी सोडून धुवा, नाहीतर शेवाळाने बंद होऊन पाणी वाफ्यावरून सांडेल.